मुलांच्या कवितांचे पुस्तक पैसे देऊन काढावे का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गासाठी म्हणून लिहिता लिहिता माझ्याकडे साठेक बालकविता जमल्या आहेत. सहकारी म्हणतात, आता पुस्तक काढा. एका प्रकाशकांनी ३०० प्रतींसाठी ४५ हजार रुपये मागितले असून त्यात चित्रे, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक आणि प्रकाशन समारंभ यांचा खर्च धरला आहे. कवितांचे सर्व हक्क कायमचे त्यांच्याकडे राहतील, असेही करारात लिहिले आहे. घरातून विरोध नाही, पण माझे मन तयार होत नाही. मी पैसे द्यावेत का? आणि आपल्या देशात मुलांसाठी ज्यांनी खरोखर चांगले लिहिले त्यांचे काय वाचावे, म्हणजे माझ्या कवितांची पारख मला स्वतःला करता येईल? सोबत दोन कविता पाठवत आहे. – एक शिक्षिका

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

पैसे देऊ नका आणि त्या करारावर सहीही करू नका. त्यामागची व्यवहाराची कारणे शेवटी सांगेन. परंतु तुमच्या पत्रातला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, कारण पुस्तक काढायला निघालेली फार थोडी माणसे तो विचारतात. म्हणून आधी त्याविषयी.

भारतात मुलांसाठी लिहिणाऱ्या कितीतरी चांगल्या लेखकांना आधी मासिकांनी घडवले आणि पुस्तके त्यानंतर आली. वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ हे मासिक सुरू केले आणि मराठी मुलांना दर महिन्याला हक्काचे वाचायला मिळू लागले. बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ मध्ये ‘संदेश’ काढले. त्यांच्या मागे त्यांचे चिरंजीव सुकुमार राय यांनी ते चालवले आणि ज्या कवितांमुळे आज आपण सुकुमारांना ओळखतो, त्यांपैकी बहुतेक याच मासिकातून मुलांसमोर आल्या. पुढे बंद पडलेले ‘संदेश’ १९६१ मध्ये पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याच्या संपादकांत सुकुमारांचे पुत्र सत्यजित राय होते. मासिकाची पाने भरायची तर लिहायला हवे, या गरजेतून ते मुलांसाठी नेमाने लिहू लागले आणि फेलूदा या गुप्तहेराची पहिली गोष्ट १९६५ मध्ये तिथेच छापून आली. जगभर नाव झालेला चित्रपट दिग्दर्शक मुलांच्या मासिकासाठी वर्षानुवर्षे गोष्टी लिहीत होता आणि चित्रेही काढत होता. हे काम त्याने कधी डाव्या हाताने उरकले नाही.

मासिकामुळे लेखकाला काय मिळते? तुमची कविता तुमच्याशी नाते नसलेला एक संपादक वाचतो, आवडली नाही तर परत करतो, आणि आवडली तरी ‘हे शेवटचे कडवे कशाला?’ असे विचारू शकतो. सहकारी हे विचारणार नाहीत. ज्या प्रकाशकाला छपाईचे पैसे तुमच्याकडूनच मिळणार आहेत, त्याला तर हे विचारण्याचे कारणच नाही. तुमच्या हाताला या क्षणी खरी गरज आहे ती अशा प्रश्नाची, असे तुमच्या दोन कविता वाचून मला वाटते.

त्यांतील खोडरबराच्या कवितेपासून सुरुवात करू. बेरीज चुकली आहे, ती खोडायला खोडरबर सापडत नाही, आणि तुम्ही लिहिता :

दप्तरात पाहिलं, खिशात पाहिलं,
तीन नि चार आठच राहिलं.

ताई, या दोन ओळी उत्तम आहेत. वहीतली चूक तशीच उरली आहे, मूल कानकोंडे होऊन बसले आहे आणि हे सगळे एकही भावनेचा शब्द न वापरता पोचते. ‘आठच’मधला ‘च’ तर फारच नेमका पडला आहे. पण त्यानंतर ‘म्हणून मुलांनो, ऐका जरा, वस्तू जपण्याची सवय करा’ असे एक जोडपद येते आणि आतापर्यंत बाकावर मुलाशेजारी बसलेली कवयित्री एकदम उठून फळ्यापाशी जाते. ते जोडपद काढून टाका. कविता ‘आठच राहिलं’ इथे पूर्ण झाली आहे.

आता ‘सांग सांग भोलानाथ’ ही मंगेश पाडगावकरांची कविता आठवा. ती तुमच्या वर्गाला पाठ असेलच, पण या वेळी ती लिहिणाऱ्याच्या नजरेने वाचा. मूल भोलानाथाला विचारते की पाऊस पडून शाळेभोवती तळे साचेल का आणि सुट्टी मिळेल का. मग विचारते की दुपारी आई झोपली असताना लाडू घेतला तर आवाज होईल का. पुढे आठवड्यात रविवार तीनदा येतील का, आणि गणिताच्या पेपरच्या दिवशी नेमके काही दुखेल का, असेही त्याला जाणून घ्यायचे आहे. चोरी, आळस, खोटे आजारपण, म्हणजे मोठ्यांनी ज्यावर एकेक भाषण ठोकावे असे सगळे काही तिथे आहे. पाडगावकर कशालाही उत्तर देत नाहीत. भोलानाथही देत नाही. प्रत्येक कडवे प्रश्नावर थांबते आणि म्हणून ती कविता मुलाच्या मालकीची राहते.

ही वाट मराठीत फार जुनी आहे. ‘दत्त’ म्हणून ओळखले जाणारे दत्तात्रय कोंडो घाटे १८९९ मध्ये, पंचविशीही न गाठता गेले. त्यांच्या ‘मोत्या, शिक रे अ आ ई’ या कवितेत नुकतेच अक्षर गिरवू लागलेले मूल घरातल्या कुत्र्याचे गुरुजी होते. शिकवले जाण्याचा जो अनुभव मुलाला रोज येतो, तोच ते दुसऱ्या कुणावर तरी उलटवून पाहते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या शिक्षणाच्या वातावरणात एका तरुण कवीला हे दिसले, ही मला आजही आदर वाटावा अशी गोष्ट आहे. तुमच्या वर्गात हा खेळ रोज चालत असेल. तुम्ही वर्गाबाहेर गेलात की तुमची खुर्ची कोण घेते आणि तुमच्यासारखे कोण बोलते, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

तुमच्या दुसऱ्या, झाडांवरच्या कवितेबद्दल मात्र मला परखडपणे लिहावे लागेल. ‘पर्यावरणाचे करू संवर्धन’ ही ओळ सात वर्षांच्या मुलाच्या जिभेवर बसत नाही. टाळी देत म्हणून पाहा, दोनदा अडखळाल. त्याहून मोठी अडचण अशी की या कवितेत झाड असूनही ते दिसत नाही. ते आंब्याचे आहे की बाभळीचे, शाळेच्या आवारातले आहे की बांधावरचे, त्यावर कुणी चढते का, हे कशावरूनही कळत नाही. हिच्या शेजारी इंदिरा संतांची ‘गवतफुला’ ठेवून वाचा. मित्राबरोबर माळावर पतंग उडवायला गेलेल्या मुलाला गवतात एक इवलेसे फूल दिसते आणि ते आभाळातला पतंग विसरते, बरोबरच्या मित्रालाही विसरते. निसर्ग जपा, असे कविता कुठेही म्हणत नाही. पण जे मूल त्या फुलापाशी एकदा थबकले, ते पुढे त्याच्यावर सहज पाय देणार नाही. शिवाय त्या फुलाला हाक मारताना इंदिराबाईंनी ‘रंगरंगुल्या, सानसानुल्या’ अशी जी दुहेरी अक्षरे योजली आहेत, ती नुसती म्हणायलाच गोड लागतात. अर्थ नंतर कळला तरी चालतो.

यावर तुम्ही म्हणाल की उपदेश इतका वर्ज्य असेल तर साने गुरुजींचे काय? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर ‘श्यामची आई’मध्येच आहे. गुरुजींनी ते पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. त्यातला आंघोळीनंतरचा प्रसंग बघा. श्याम ओल्या दगडावर उभा आहे, ओल्या पायांना माती लागेल म्हणून खाली उतरायला तयार नाही, आणि आईने लुगड्याचे ओचे पसरावेत असा हट्ट धरतो. आई ओचे पसरते. श्याम त्यावर पाय ठेवतो. आणि त्यानंतर आई म्हणते की पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसाच मनाला घाण लागू नये म्हणून जप. आधी हट्ट आला, मग आईचे ओचे दगडावर पसरले, आणि वाक्य सर्वांत शेवटी आले. ते वाक्य आईने स्वतःचे वस्त्र पसरून मिळवले आहे, म्हणून ते टिकते. शिवाय तिथे चुकणारा मुलगा हा स्वतः गोष्ट सांगणाराच आहे, समोर बसलेले श्रोते नव्हेत. तुमच्या ‘म्हणून मुलांनो’ या ओळीमागे असे काही घडलेले नाही. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

आता वाचनाविषयी. मी लांबलचक यादी देणार नाही, कारण यादी मिळाली की माणूस नावे गोळा करतो आणि पुस्तके राहून जातात. सुरुवात विंदा करंदीकरांपासून करा. ‘स्वेदगंगा’ आणि ‘मृद्गंध’ लिहून झाल्यावर, मराठीतले महत्त्वाचे कवी म्हणून मान्यता मिळालेली असताना, १९६१ मध्ये त्यांनी ‘राणीची बाग’ हा मुलांच्या कवितांचा संग्रह काढला आणि पुढे ‘एटू लोकांचा देश’, ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ अशी एकाहून एक विलक्षण पुस्तके दिली. ज्या माणसाने उतारवयात ‘अष्टदर्शने’मध्ये आठ तत्त्वज्ञांची दर्शने ओव्यांत मांडली, त्याच माणसाने भुताला भिण्यातली मजा मुलांसाठी लिहिली, आणि दोन्हीकडे छंदाची सफाई सारखीच ठेवली. मुलांसाठी लिहितो आहोत म्हणून यमक कसेही जुळवले तरी चालेल, ही समजूत मराठी बालकवितेला लागलेली जुनी कीड आहे आणि विंदांचे एक पान मोठ्याने वाचले तरी ती समजूत गळून पडते. मोठ्यानेच वाचा. बालकविता डोळ्यांनी तपासता येत नाही.

मराठीबाहेर पाहायचे तर सुकुमार रायांकडे जा. भाषांतरात पुष्कळ निसटते, तरीही पुष्कळ हाती लागते. त्यांच्या एका कवितेत बदक आणि साळिंदर यांचे नाव आणि शरीर एकमेकांत मिसळून ‘हाँसजारू’ नावाचा प्राणी तयार होतो, आणि मग तशा प्राण्यांची रांगच लागते. गंमत अशी की या वेडेपणाला व्याकरणाची शिस्त आहे. एका शब्दाचे शेपूट आणि दुसऱ्याचे डोके नेमके कुठे जुळते, हे पाहूनच तो प्राणी घडला आहे. ‘काळा आजार’ नावाच्या तापाने अंथरुणाला खिळलेले असताना सुकुमारांनी ‘आबोल ताबोल’ या संग्रहाची तयारी केली आणि सप्टेंबर १९२३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, तो प्रसिद्ध झाला. मृत्यू समोर दिसत असलेल्या माणसाने मुलांसाठी निखळ हसू मागे ठेवले, याचा मला फार आधार वाटतो. रवींद्रनाथांचा ‘शिशु’ हा संग्रह १९०३ चा, म्हणजे पत्नीच्या निधनानंतरच्या दुःखाच्या वर्षातला. मुलांसाठी लिहिणे हे रिकामपणाचे काम आहे असे कुणी म्हणाले तर ही दोन पुस्तके मनात असू द्या.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांपैकी अनुष्का रविशंकर यांचे ‘टायगर ऑन अ ट्री’ अवश्य पाहा. चेन्नईच्या तारा बुक्सने काढलेल्या या पुस्तकात शब्द अगदी मोजके आहेत आणि पुलक विश्वास यांच्या चित्रांखेरीज ते अपुरे राहतील. चित्रकार हा बालसाहित्याचा अर्धा लेखक असतो, हे त्यावरून ध्यानात येईल. त्यामुळेच ४५ हजारांच्या हिशेबात ‘चित्रे’ हा नुसता एक शब्द वाचून मला काळजी वाटली. कुणाची चित्रे, किती, आणि त्या चित्रकाराला काय मिळणार, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. मराठीत माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रेही स्वतःच काढतात. त्यांच्या ‘राधाचं घर’मध्ये एक छोटी मुलगी घरातल्या एकेका माणसाची ओळख करून देते आणि तिच्या तोंडी एकही वाक्य मोठ्या माणसाचे येत नाही. गद्य असले तरी ते तुम्ही वाचावे असे मी आग्रहाने म्हणेन, कारण तुमच्या कवितांत मूल आणि बाई आलटून पालटून बोलतात, आणि एकाच आवाजाशी प्रामाणिक कसे राहायचे ते तिथे शिकण्यासारखे आहे.

साहित्य अकादमी २०१० पासून देशातल्या २४ भाषांतल्या बालसाहित्याला दरवर्षी पुरस्कार देते. मराठीत पहिल्या वर्षी तो अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला मिळाला. त्या यादीतून पुढची नावे तुमची तुम्हाला सापडतील. हिंदीसाठी ‘चकमक’ हे मासिक मागवा. भोपाळची ‘एकलव्य’ ही संस्था ते १९८५ पासून काढते आणि मुलांनी स्वतः लिहिलेलेही त्यात मानाने छापले जाते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात. वर्गात दाखवायलाही ती उपयोगी पडतील.

एका गोष्टीची मात्र तुमच्याकडून मला विशेष अपेक्षा आहे. मराठी बालसाहित्यातले घर बराच काळ शहरी, पांढरपेशे आणि खाऊच्या डब्याने भरलेले राहिले आहे. फास्टर फेणे हा भा. रा. भागवतांचा मानसपुत्र मूळचा फुरसुंगीचा असला तरी त्याची शाळा पुण्यातली. तुमच्या वर्गात ऊसतोडीच्या हंगामात पटावरून गळणारी मुले असतील, घरी वेगळी बोली बोलणारी असतील, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेत येणारी असतील. त्यांच्यावर करुण कविता लिहा, असे मी म्हणत नाही. तसले लेखन मोठ्यांसाठीच असते. पण कडेवर भावंड असताना लंगडी कशी घालायची, हा प्रश्न भोलानाथाला विचारण्याजोगा आहे आणि तो अजून कुणी विचारलेला माझ्या वाचनात नाही.

आता व्यवहार. आयएसबीएन क्रमांकासाठी कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो विनामूल्य देते आणि लेखकाला स्वतःही अर्ज करता येतो. तेव्हा तो खर्चाच्या यादीत आला, एवढ्यावरूनही त्या हिशेबाची परीक्षा होते. हक्कांचे म्हणाल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुमच्या कवितांवर तुमचा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो आणि त्यात कोणता हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या मोबदल्यात, हे स्पष्ट असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो. तुमच्या करारात मात्र ‘कायमचे’ असे उघड लिहिले आहे, म्हणून तो अधिक धोक्याचा. उद्या एखादी कविता पाठ्यपुस्तकात गेली किंवा तिचे गाणे झाले तर निर्णय आणि मानधन दोन्ही त्यांच्याकडे जाईल, आणि छपाईचा खर्च मात्र तुम्ही केलेला असेल. कुठल्याही प्रकाशकाशी बोलताना एका आवृत्तीपुरता किंवा ठरावीक वर्षांपुरता हक्क द्यायला मी तयार आहे, असे सांगा. भले प्रकाशक त्याला नाही म्हणत नाहीत.

पुस्तकाची इच्छा मनात असेल, आणि ती असावीच, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. ज्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही अशांच्या पहिल्या पुस्तकासाठी ती आहे आणि बालवाङ्मय तिच्यात बसते. इथे एक सावधगिरी महत्त्वाची : पैसे भरून आज पुस्तक काढलेत, तर ‘पहिले पुस्तक’ म्हणून अर्ज करण्याची ही संधी तुम्ही स्वतःच घालवाल.

त्याआधी मासिके. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. पाठवण्यापूर्वी निदान दोन-तीन वर्षांचे अंक चाळा, म्हणजे तिथे काय चालते आणि काय फार झाले आहे, दोन्ही कळेल. ‘वयम्’, ‘चिकूपिकू’, ‘छात्र प्रबोधन’ यांचेही अंक बघा. प्रत्येकाचे वाचक वेगळ्या वयाचे आहेत, तेव्हा दुसरीच्या मुलांसाठीची कविता कुठे शोभेल ते तुम्हीच ठरवा. साठ कविता एकदम पाठवू नका. तीन निवडा, वयोगट लिहा, एक कविता एका वेळी एकाच मासिकाकडे जाऊ द्या आणि कुठे काय पाठवले त्याची वहीत नोंद ठेवा. निवड करताना तुमच्याच वर्गाची मदत घ्या, पण ‘आवडली का?’ असे विचारू नका. बाईंना मुले ‘हो’च म्हणतात. कविता एकदा म्हणून दाखवा आणि दुसऱ्या दिवशी तिचे नावही काढू नका. मधल्या सुट्टीत कुणाच्या तोंडून तिची एखादी ओळ आपसूक ऐकू आली, तर ती कविता पाकिटात घाला. खोडरबराची कविता, शेवटचे जोडपद वगळून, त्या तिघींत असावी असे मला मनापासून वाटते.